चांद्याच्या रानाकांठची चूल आणि विजेचा कुकर

ताडोबाच्या अरण्याला लागून, मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या बाजूस, सुटीचे चार दिवस काढण्यासाठीं एखादें शहरी कुटुंब लहानसें बिऱ्हाड घेतें, तेव्हां तेथल्या स्वयंपाकघराचा पसारा तो केवढा! एक अरुंद ओटा, एक फळी, एक खिडकी आणि भिंतींत विजेचें एक बटन. एवढ्याशा जागेंत भात कशावर शिजवावा, हा प्रश्न गृहिणीला पडतो. आणि तो इतका किरकोळ वाटतो, कीं त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाही कोणाला येऊं नये. घरगुती वस्तूंच्या बाबतींत नेहमींच असें होतें. राजेरजवाड्यांच्या तरवारींचीं वर्णनें बखरींतून पानोंपान सांपडतात. ज्या चुलीवर त्यांच्या सैन्याचा भात शिजला, तिच्यासंबंधानें बखरकार मौन धरतात. विजेच्या लहान कुकराची गोष्टही अशीच आहे. तो जन्मला फार दूर, जपानांत. परंतु त्याच्या आधींच्या कथेचा बराचसा भाग, आणि नंतरच्या कथेंतलें एक मोठें प्रकरण, याच चांद्याच्या मुलखांत घडलेलें आहे.

आज ज्यांना चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे म्हणतात, तो सगळा प्रदेश पूर्वीं एकच चांदा जिल्हा होता. चांद्याचें चंद्रपूर हें नामांतर १९६४ च्या सुमारास झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा जिल्हा त्यांतून वेगळा निघाला. वऱ्हाडांत आणि वर्धेच्या कांठीं ज्वारीची भाकर हें मुख्य अन्न. पण पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यांत उतरावें, तों ज्वारी मागें पडते आणि भाताचीं बांधें सुरू होतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या भागांना झाडीपट्टी असें समर्पक नांव आहे. येथल्या गांवोगांवच्या जुन्या मालगुजारी तलावांवर धान पिकतें, आणि भात हेंच येथलें दोन्ही वेळचें जेवण. नागभीड तालुक्यांतील नांदेड नांवाच्या लहानशा गांवीं दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानें १९८३ च्या सुमारास आपल्या बांधींतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एक बारीक दाण्याची जात तयार केली. त्या काळीं लोकांच्या मनगटावर असणाऱ्या घड्याळाच्या नांवावरून तिला ‘एच. एम. टी.’ हें नांव पडलें आणि महाराष्ट्राबाहेरच्या बाजारपेठांतही तो तांदूळ त्याच नांवानें विकला जाऊं लागला. दादाजी २०१८ सालीं वारले. या मुलखांत भात शिजविण्याचें साधन हा चैनीचा प्रश्न नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

भात शिजावयास पाणी, भांडें आणि विस्तव लागतो. पाणी तलावाचें, भांडें कुंभाराचें. विस्तव मात्र रानाचा. तीन धोंडे मांडावे, त्यांवर मडकें ठेवावें आणि खालीं धावड्याचें किंवा ऐनाचें वाळलेलें लांकूड लावावें, ही पद्धति गोंड-माडिया वस्त्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. धावड्याचा निखारा चांगला टिकतो, म्हणून जाणत्या बायका तें लांकूड पेजेसाठीं राखून ठेवीत. या व्यवस्थेंत पहिला मोठा फरक पडला तो स्वयंपाकघरांत नव्हे. कायद्याच्या पुस्तकांत पडला. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि चांद्याचीं अरण्यें इंग्रज सरकारच्या हातीं गेलीं. पुढें १८६५ आणि १८७८ चे जंगलाचे कायदे झाले, राखीव आणि संरक्षित अशा रानाच्या वर्गवाऱ्या पडल्या, आणि जें सरपण आजवर कोणालाही न विचारतां आणलें जात असे, त्याला परवानगीची भाषा चिकटली. मध्यप्रांतांत या हक्काला ‘निस्तार’ असा शब्द आहे. घरापुरतें जळतण, कुडापुरतें कांटेरी झुडूप आणि नांगरापुरतें लांकूड गांवकऱ्यानें घ्यावें, ही निस्ताराची कल्पना. कागदावर ती उदार दिसते. पण जो हक्क पूर्वीं श्वासासारखा होता, तो आतां सवलत म्हणून मिळूं लागला, हा फरक लहान नव्हे. रानांतल्या माणसाच्या चुलीला त्या दिवसापासून सरकारी शिक्का लागला.

सरकारी अंमलदार रानांत येत, त्यांच्यासाठीं विश्रामगृहें बांधलीं गेलीं. त्यांची रचना पाहण्यासारखी असे. बंगला एकीकडे, आणि स्वयंपाकघर अंगणापलीकडे, वाऱ्याच्या खालच्या बाजूस, स्वतंत्र छपराखालीं. साहेबाच्या खोलींत धूर येऊं नये आणि छपराला आग लागूं नये, ही त्यांतील योजना. खानसामा मात्र पावसांत भिजत झांकलेलीं ताटें घेऊन अंगण ओलांडीत असे. म्हणजे प्रवाशाच्या राहत्या जागेंतच स्वयंपाकाची सोय असावी, ही आजची साधी अपेक्षा त्या काळीं अशक्य होती. लांकडाची चूल आणि लहान बिऱ्हाड यांचें जमत नाहीं. ज्या दिवशीं धुराशिवाय उष्णता मिळेल, त्याच दिवशीं स्वयंपाकघर घराच्या आंत, आणि तेंही एका कोनाड्याएवढ्या जागेंत, येऊं शकणार होतें.

अशी उष्णता या जिल्ह्याच्या पोटांत होतीच, पण ती ओळखण्यास वेळ लागला. १८७० नंतरच्या दशकांत वरोरा येथें सरकारनें दगडी कोळशाची खाण चालविली आणि तिच्यासाठीं वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आगगाडीचा फांटा आणला. ही खाण १९०६ सालीं बंद पडली, आणि कोळशाचा उद्योग दक्षिणेस बल्लारपुराकडे सरकला. परंतु हा कोळसा इंजिनांसाठीं होता. स्वयंपाकघराला त्याचा उपयोग नव्हता, कारण लांकडापेक्षां त्याचा धूर अधिक उग्र. शहरांतल्या मध्यम स्थितींतल्या घरांनीं पत्करली ती लांकडी कोळशाची शेगडी. आणि या शेगडीच्या निखाऱ्यावरच लहान कुकराचा खरा पूर्वज जन्मास आला.

त्याचें नांव इकमिक कुकर. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं तो १९१० सालीं तयार केला. ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आरोग्यकारक आणि काटकसरी, या दोन इंग्रजी शब्दांच्या शेंपट्या जोडून हें चमत्कारिक नांव बनविलेलें आहे. जगन्नाथपुरीच्या देवळांत महाप्रसादाचीं मडकीं एकावर एक रचून वाफेवर शिजवितात, त्यावरून मल्लिकांना ही कल्पना सुचली असें सांगतात. एक उभें नळकांडें. तळाशीं निखाऱ्याची लहान शेगडी. वर थोडें पाणी. आणि त्यावर डब्यावर डबा, एकांत भात, दुसऱ्यांत डाळ, तिसऱ्यांत भाजी. झांकण लावून निघून जावें. दोन-एक तासांनीं परत यावें, तों निखारे विझलेले आणि अन्न शिजलेलें! एकट्यानें राहणारा विद्यार्थी, मुशाफिरी करणारा कारकून, सोंवळ्याच्या कारणानें दुसऱ्याच्या हातचें न खाणारा प्रवासी, अशा सर्वांना तो मानवला. मराठी शहरांतूनही या जातीचे कोळशाचे कुकर आले आणि ‘कुकर लावणें’ हा शब्दप्रयोग शिट्टीचा कुकर येण्यापूर्वींच घरांत रुळला.

मल्लिकांच्या युक्तींतली खरी हुशारी वाफेंत नव्हती. ती निखारा मोजून घालण्यांत होती. जेवढें अन्न तेवढाच विस्तव, आणि काम संपलें कीं विस्तवही संपलेला. राखण करणारें माणूस यामुळें मोकळें झालें. त्या यंत्रांत एक दोष मात्र होता, आणि तो जीवावरचा. बंद खोलींत जळणाऱ्या कोळशापासून जो विषारी वायु निघतो, त्याला रंग नाहीं, वास नाहीं. खिडकी लावून शेगडीशेजारीं निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, अशा घटना थंडीच्या दिवसांत आजही घडतात. लहान जागेसाठीं केलेलें साधन लहान जागेंतच घातक ठरावें, ही त्या कुकराची शोकांतिका होती.

विजेनें हा दोष जाईल, हें लोकांना फार आधीं कळलें होतें. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत विजेवर चालणारें संपूर्ण स्वयंपाकघर मांडलेलें होतें. मुंबईंत विजेची आणि ट्रामची कंपनी १९०५ सालीं निघाली, आणि टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रांतून १९१५ सालीं मुंबईला वीज मिळूं लागली. परंतु नुसती तार तापविली म्हणजे स्वयंपाक होतो, असें नाहीं. विजेच्या शेगडीला समज नसते. लांकडाच्या चुलीपाशीं बसलेली बाई मडक्याच्या आवाजावरून ओळखते, कीं आतां पाणी आटत आलें. ती दोन लांकडें मागें ओढते, झांकणावर निखारे ठेवते आणि भात मंद आंचेवर मुरूं देते. हें ज्ञान तारेंत कसें घालावें? १९४५ सालीं मित्सुबिशी या जपानी कंपनीनें भाताचें एक विजेचें भांडें विक्रीस आणलें. पण तें आपोआप बंद होत नसे, म्हणून शेजारीं माणूस बसविणें भागच पडे. मग चुलीनें काय वाईट केलें होतें?

हें कोडें सुटलें तें १९५५ सालीं, आणि सोडविणारांत एका गृहिणीचा वाटा फार मोठा आहे. तोशिबा कंपनीचें किरकोळ काम करणारे योशितादा मिनामी नांवाचे टोकिओचे एक लहान कारखानदार होते. भाताचें आपोआप बंद होणारें भांडें करण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें, पण भात कसा शिजतो याची त्यांना कल्पना नव्हती. ती होती त्यांच्या पत्नीला, फुमिको यांना. घरांत सहा मुलें, धंदा कर्जानें चाललेला. अशा स्थितींत त्या बाईनें दिवसामागून दिवस भात लावला, उष्णतामापक बुडवून अंश टिपले, थंडींत उघड्यावर प्रयोग केले आणि न शिजलेल्या व करपलेल्या भाताच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष साधा होता. पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून सुमारें वीस मिनिटें ती टिकली आणि मग आंच थांबली, तर भात चांगला होतो. परंतु उकळी कधीं येईल हें तांदूळ किती, पाणी किती आणि हवा किती गार यांवर अवलंबून. म्हणून नुसतें घड्याळ लावून भागत नाहीं.

यावर काढलेली युक्ति सुंदर आहे. भांड्याबाहेर दुसरें भांडें केलें आणि त्या बाहेरच्या भांड्यांत पेलाभर पाणी घातलें. तें पाणी वीसएक मिनिटांत उडून जातें. पाणी आहे तोंवर त्या जागेची उष्णता शंभर अंशांवर चढत नाहीं, कारण सगळी उष्णता वाफ करण्यांत खर्च होते. पाणी संपलें, कीं पारा एकदम वर जातो. तेथें दोन वेगळ्या धातूंची चिकटविलेली पट्टी बसविलेली होती. तापल्यावर एक धातु जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळें पट्टी वांकते आणि वीज तुटते. चुलीशीं बसलेल्या बाईचा कान त्या पट्टींत आला! १९५५ च्या डिसेंबरांत हा कुकर बाजारांत आला आणि थोड्याच वर्षांत जपानी घरांतून पसरला. पुढें बाहेरचें भांडें गेलें. तळाशीं लोहचुंबकाची अशी एक चकती बसविण्यांत आली, कीं शंभर अंशांच्या थोडें वर गेल्यावर तिचें चुंबकत्व नाहींसें व्हावें. आंतलें पाणी तांदळानें पिऊन टाकलें, कीं तळ तापतो, चुंबक सुटतो, स्प्रिंग उसळते आणि कळ ‘टक्’ करून वर येते. आज बाजारांत मिळणारा सर्वांत स्वस्त कुकर याच तत्त्वावर चालतो, आणि त्यांत बिघडण्यासारखें जवळजवळ कांहींच नसतें.

महाराष्ट्रांत मात्र या कुकरानें जम बसविला नाहीं. १९५९ च्या सुमारास हॉकिन्स, प्रेस्टिज या नांवांचे दाबाचे कुकर भारतांत तयार होऊं लागले आणि डाळ-भात-बटाटे एकाच शिट्टींत उरकणाऱ्या त्या भांड्यानें मध्यमवर्गीय स्वयंपाकघर जिंकलें. त्याचें कारण उघड आहे. जपानी घराला नुसता भात पाहिजे होता. मराठी घराला तुरीची डाळही शिजवावी लागते, आणि डाळ शंभर अंशांवर हट्टानें कच्ची राहते, दाबाखालीं एकशें वीस अंशांच्या आसपास मऊ होते. शिवाय वीज महाग, आणि तिचा भरंवसा नाहीं. हा दुसरा मुद्दा मनांत धरून पुन्हां चांद्याकडे वळावें लागतें.

कारण महाराष्ट्राला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा चांद्याच्याच कोळशांतून येऊं लागला. चंद्रपूर शहराशेजारीं, दुर्गापूरच्या खाणींजवळ, इरई नदीच्या धरणाच्या पाण्यावर उभारलेल्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. पुढें संच वाढत गेले. जुने दोन निवृत्त झाले असून आज सात संच मिळून २,९२० मेगावॅट इतकी त्याची क्षमता आहे. १९९९ सालीं चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, पांच लक्ष व्होल्टांची एकमार्गी प्रवाहाची तार टाकण्यांत आली. ज्या कोळशानें वरोऱ्याच्या इंजिनांना ओढलें, पण ज्याचा धूर कोणत्याही गृहिणीनें आपल्या घरांत घेतला नसता, तोच कोळसा आतां तारेवरून निर्धूर होऊन दादर-ठाण्याच्या ओट्यांवर पोंचला.

धूर नाहींसा मात्र झाला नाहीं. तो चंद्रपुरांत राहिला. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक भागांची जी मोजणी केली, तींत चंद्रपूर अत्यंत दूषित ठिकाणांत गणलें गेलें. आणि त्याच तारा ज्या रानावरून गेल्या, त्या रानाच्या पोटांतलीं गांवें पुष्कळ वर्षें अंधारांतच होतीं. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहिले, तेव्हां रोग्यांवर उपचार कंदिलाच्या उजेडांत चालत; स्वयंपाकाला वीज ही तर स्वप्नांतलीही गोष्ट नव्हती. वीज उत्पन्न करणारा जिल्हा आणि वीज वापरणारें घर यांच्यामधलें हें अंतर नकाशावरच्या अंतराहून मोठें होतें.

या अंतराची किंमत कोणी मोजली, हें पाहावयाचें तर सरपण आणणाऱ्या बाईकडे पाहावें. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें. त्याला जोडून अंधारीचें अभयारण्य १९८६ सालीं, आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प १९९५ सालीं. वाघ राखले गेले, वाढले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु वाघ कुंपण जाणत नाहीं, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत भातशेती, वस्ती आणि वाघ हीं एकमेकांत मिसळलेलीं आहेत. मोळी बांधण्यासाठीं वांकलेली बाई वाघाला चार पायांच्या जनावरासारखी दिसते, असें जाणकार सांगतात. या जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत दगावलेल्यांमध्यें सरपण, मोहफुलें आणि तेंदूपानें वेंचणारीं माणसें वरचेवर असतात. तेव्हां चुलीचा प्रश्न येथें डोळ्यांतल्या पाण्यापुरता उरत नाहीं. घरचें माणूस संध्याकाळीं परत येतें कीं नाहीं, इथवर तो जातो. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें व्याघ्रप्रकल्पांभोंवतालच्या गांवांसाठीं डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना काढली. तींत घरोघर गॅस देण्याची तरतूद आहे. १ मे २०१६ पासून केंद्राची उज्ज्वला योजना आली. शेगड्या मिळाल्या, पण नळकांडें पुन्हां भरून आणावयास पैसे लागतात आणि सरपणाला लागत नाहींत. त्यामुळें पुष्कळ घरांत गॅस पाहुण्यांच्या चहासाठीं आणि चूल रोजच्या भातासाठीं, अशी वांटणी झालेली दिसते.

आतां त्या सुटीच्या बिऱ्हाडांतल्या अरुंद ओट्याकडे परत जाण्यास हरकत नाहीं. जंगल पाहण्यास आलेल्या पाहुण्यानें तेथें लांकडाची चूल पेटविणें हें हौसेचें असलें तरी अविचाराचें आहे. त्याच्या दोन दिवसांच्या चुलीसाठीं मोळी कोणीतरी रानांतूनच आणलेली असते. विजेचीं साधनें पाहावीं, तर दोन समोर येतात. एक इंडक्शनची सपाट शेगडी, दुसरा भाताचा कुकर. इंडक्शनची शेगडी बहुगुणी खरी. पण पूर्ण जोरावर ती अठराशें ते दोन हजार वॅट ओढते. भिंतींतलें साधें लहान बटन सहा अँपिअरचें असतें. २३० व्होल्टांवर त्यांतून १,३८० वॅटांपेक्षां अधिक घेतां येत नाहीं. मोठ्या शेगडीला सोळा अँपिअरचें बटन लागतें, आणि तें प्रत्येक बिऱ्हाडांत असेलच असें नाहीं. लहान कुकर चारशें ते सातशें वॅटांत काम भागवितो, आणि लहान बटनावर निर्धास्त चालतो.

दुसरी गोष्ट तारेच्या टोंकाची. रानाकडे जाणाऱ्या लांबच लांब वाहिनीच्या शेवटीं, संध्याकाळीं सर्वांचे दिवे-पंखे सुरू झाले, कीं २३० चे १८० व्होल्ट होतात. लोकांना वाटतें, दाब पांचव्या हिश्शानें उतरला म्हणजे उष्णताही तेवढीच उतरेल. तसें नाहीं. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरते; १८० व्होल्टांवर सातशें वॅटांचा कुकर जेमतेम चारशें तीस वॅट देतो. तरीही भात होतो, फक्त उशीरां. कारण चुंबकाची कळ घड्याळ पाहत नाहीं, पाणी आटलें कीं नाहीं एवढेंच पाहते. फुमिको मिनामींना टोकिओच्या थंडींत जी अडचण आली, तीच येथें दुसऱ्या वेषांत येते आणि त्याच उत्तरानें सुटते. उलट ज्या कुकरांत आंकडे दाखविणारा पडदा आणि दहा कळी असतात, ते अशा चढउतारांत लवकर रुसतात, आणि त्यांची दुरुस्ती नागपूरखेरीज होणें कठीण. रानाकांठच्या बिऱ्हाडासाठीं एका कळीचा साधा कुकरच बरा.

मापाच्या बाबतींत दुकानांत फसगत होते. डब्यावर लिटरचा आंकडा असतो, पण तो कोठें भांड्याचा, कोठें तांदळाचा, असा निरनिराळ्या कारखान्यांचा निरनिराळा हिशेब असतो. विचारावयाचें तें एवढेंच, कीं यांत कच्चा तांदूळ किती ग्रॅम शिजतो. चार माणसांच्या एका जेवणास तीनशें ग्रॅम तांदूळ पुष्कळ होतो, आणि तो शिजून साधारण तिप्पट फुगतो. वर फेंसाला जागा सोडली, कीं दीड लिटरच्या आंतबाहेरचें भांडें पुरतें. मोठें घेण्याचा मोह टाळावा. मोठ्या भांड्यांत थोडा तांदूळ पातळ थरानें पसरतो, तळ लवकर कोरडा पडतो, कळ अवेळीं उडते आणि भात वरून कणीचा राहतो. आंतलें भांडें पोलादाचें मिळालें तर घांसावयास निर्धास्त. लेपाचें असेल तर लांकडी उलथणें बरोबर न्यावें. वर ठेवण्याची जाळीची ताटली असेल, तर भातावर बटाटे, अंडीं, वांग्याच्या फोडी वाफवितां येतात, आणि मल्लिकांच्या डब्यावरच्या डब्याची गंमत थोडीशी परत मिळते. तुरीची डाळ मात्र या कुकरांत शिजवूं नये. मुगाची किंवा मसुराची न्यावी, तीही तासभर भिजवून.

भाताला लागणारी वीज फार नाहीं. पाव किलो तांदळाला एका युनिटाचा पांचवा-सहावा हिस्सा पुरतो. औष्णिक केंद्रांत एका युनिटामागें सुमारें सातशें ग्रॅम कोळसा जळतो, तेव्हां त्या भातासाठीं सव्वाशें-दीडशें ग्रॅम, म्हणजे मूठ-दोन मुठी कोळसा, दुर्गापूरच्या बाजूस जळालेला असतो. उघड्या चुलींत लांकडाची उष्णता नऊ-दशांश वाया जाते. तेथें याच भाताला याच्या दुपटीनें लांकूड लागेल. हिशेब कुकराच्या बाजूचा आहे, पण तो शून्याचा नाहीं. मोहर्लीहून चंद्रपुराकडे जातांना वाटेंत त्या केंद्राचीं धुरांडीं दिसतात.

उरला प्रश्न पाण्याचा आणि वेळेचा. जवळच्या बाजारांतून झाडीपट्टीचाच बारीक तांदूळ घ्यावा. तो नवा असेल तर वाटीस पावणेदोन वाट्या पाणी, जुना असेल तर दोन ते सव्वादोन. उन्हाळ्यांत येथील पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि पहांटे शिजवून ठेवलेला भात दुपारीं आंबूस होतो. ऊब टिकविण्याच्या कळीवर तो बरा राहतो, पण मधेंच वीज गेली तर तोही भरंवसा नाहीं. म्हणून सकाळच्या फेरीला निघतांना भात लावूं नये. तांदूळ धुवून झांकून ठेवावा, कुकराची तार भिंतींतून काढावी आणि जंगलांत जावें. दहा-साडेदहाला परत आल्यावर पाणी घालून कळ दाबली, कीं सर्वांचीं तोंडें धुवून आणि कपड्यांवरची धूळ झटकून होते न होते, तों ती ‘टक्’ करून वर येते. मग झांकण न उघडतां दहा मिनिटें तसेंच राहूं द्यावें.